शुक्रवारी ते घरी असतात

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. गणपती आणि दिवाळी सोडली, तर तीस वर्षांत आम्हा नवरा-बायकोला एकत्र सुट्टीचा एकही दिवस मिळाला नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, काहीतरीच काय बाई! भिवंडीच्या माणसाला नुसतं एवढं सांगायचं, हे लूमवर आणि मी शाळेत. तो लगेच मान हलवतो. कारण इथे लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारी आणि आमच्या मराठी शाळेला रविवारी. शुक्रवारी लूम बंद झाले की गावात इतकं शांत होतं की वर्गात शिकवताना मला माझाच आवाज मोठा वाटतो.

हे म्हणजे आमचे हे. खारबावचे, शेतकऱ्याच्या घरातले, पण शिकले आणि ऐन विशीत भिवंडीतल्या एका शेडमध्ये मेहता म्हणून लागले. विणून आलेला कापडाचा तागा टेबलावर उलगडायचा, डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायचा, कुठे तार तुटली, कुठे डाग पडला तिथे खडूची खूण करायची, हे मेहत्याचं काम. कामगारांची हजेरीही तेच मांडायचे. सगळी गल्ली त्यांना मेहताजी म्हणायची. भाजीवाला मला मेहताजींची बाई म्हणायचा आणि शाळेतली पोरं नुसतंच बाई. मला स्वतःचं नाव आहे हे मी मतदानाच्या दिवशीच ऐकायचे.

खोट काढायची त्यांची सवय घरीही सुटली नाही. पडदा घेतला, काढली खोट. चादर घेतली, काढली खोट. माझ्या भाचीच्या लग्नात मला मिळालेली साडी भर मांडवात हातात घेऊन म्हणाले, "ही बघ, इथे दोन तारा एकत्र गेल्यात." वहिनीचं तोंड असं झालं! मी घरी येऊन दोन दिवस बोलले नाही. त्यांना कळलंच नाही मी का बोलत नाही ते. "अगं, पण होती ना खोट?" हे वर.

त्यांचा शुक्रवार मात्र बघण्यासारखा असायचा. सकाळी दाढी, मग बाजार. खाडीची कोलंबी नाहीतर निवट्या घेऊन यायचे आणि स्वतः रांधायचे. मी शाळेतून दुपारी आले की ताट वाढलेलं. माझी आई शुक्रवार करायची, देवीचा उपास. तिला जावयाचं हे शुक्रवारचं मासळीपुराण मरेपर्यंत पटलं नाही. मी म्हटलं, आई, एवीतेवी आठवड्यात एकच दिवस मला आयतं ताट मिळतं, देवी समजून घेईल. आणि माझा रविवार? कपडे, वह्या तपासणं, इस्त्री. लेक लहान होती तेव्हा शाळेत 'रविवार' असं चित्र काढायला सांगितलं होतं. तिने मला काढलं, मांजर काढली आणि दारात एक चपलांचा जोड काढला. बाईंनी विचारलं, बाबा कुठे? म्हणाली, बाबा शुक्रवारच्या चित्रात.

रोज संध्याकाळी ते आले की मी त्यांच्या कॉलरवरचं, केसांतलं कापसाचं तूस वेचायची. शेडमध्ये ते हवेतच असतं, माणसाच्या अंगावर बसतं. ते खुर्चीत बसायचे, चहा प्यायचे आणि मी मागे उभी राहून वेचत बोलायची. खरं सांगायचं तर दिवसभरात आमचं जे काय बोलणं व्हायचं ते तेवढंच. त्यातच ठरलं होतं, की मी रिटायर झाले की तेही शेडला रामराम करतील. "तू थांबलीस की मीपण थांबतो. मग काय, रोजच रविवार!" असं म्हणायचे. मी म्हणायची, रोजच शुक्रवार म्हणा. यावर वर्षानुवर्षं हसलोय आम्ही.

गेली काही वर्षं आमच्या बाजूचे लूम एकेक करून भंगारात जायला लागले. सकाळी ट्रक यायचा, क्रेन यायची, लोखंड जायचं. ज्यांच्या जागा होत्या त्यांनी गाळे भाड्याने दिले, कामगार उत्तरेकडे आपापल्या मुलखात गेले. मेहत्याने कुठे जायचं? त्याला ना जागा, ना मुलूख. त्यांचे थोरले भाऊ खारबावला असतात. त्यांनी जमिनी गोदामांना देऊन पन्नाशीतच काम सोडलं. पांढरे कपडे घालून सकाळपासून देवळाच्या कट्ट्यावर. ते यांना म्हणाले, "आरं, काम न्हाय तं न्हाय. घरी बस. मी बसलोय नं?" परत येताना रिक्षात हे चिडून मला म्हणाले, "बसायला काय, दगडपण बसतो. आणि मी काय तुझ्या पगारावर बसून खाऊ?" मी म्हटलं, मी खाल्लंच की तुमच्यावर. त्यावर ते बाहेर बघत राहिले.

गेल्या दिवाळीनंतर पहिल्यांदा मला काहीतरी वेगळं लागलं ते बोटांना. तूस नव्हतं. मी कॉलरवरून पुन्हा हात फिरवला. काळसर धूळ होती, डिझेलसारखा वास होता, पण कापूस नाही. मी म्हटलं, "आज काय पंखे बंद होते का?" ते म्हणाले, "हं." मीही तेच धरून चालले. मग शुक्रवारची मासळी बंद झाली. "लूमचं ऑइलिंग काढलंय शेठनी, शुक्रवारी उभं राहावं लागतंय," म्हणाले. चाळीस वर्षं जे ऑइलिंग मंगळवार-बुधवारी चालतं ते आता शुक्रवारी! पण माणसाला ऐकायचं नसलं की काहीही पटतं.

आणि मग तो रविवार. सात वाजून गेले तरी हे उठले नाहीत. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "अहो, जायचं नाही का?" ते झोपेतच म्हणाले, "आज सुट्टी."

म्हणाले आणि डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात कपबशी. दोघांनाही कळलं होतं काय बोलून गेले ते. भिवंडीत पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक आहे की रविवारी लूमला सुट्टी नसते. ते वाट बघत होते मी विचारायची. मी विचारायला हवं होतं. एक साधा प्रश्न होता, रविवारी कसली सुट्टी? मी म्हटलं, "अगंबाई! मग शिरा करते."

आता कुणी काही म्हणो. पाप म्हणा, ढोंग म्हणा. मी त्या दिवशी खूश होते. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या रविवारी नवरा घरात होता. मी ठेवणीतली साडी नेसले आणि म्हटलं, वज्रेश्वरीला जाऊ. लग्न झाल्यापासून जायचं होतं, ते एकटे जाऊन आले, मी एकटी जाऊन आले, असं नाही, दोघांनी. अंबाडी नाक्यावर उतरून वडापाव खाल्ला. नाक्यावरच्या गर्दीत त्यांनी माझा दंड धरून रस्ता ओलांडायला लावला, जशी काही मी कालच शहरात आले होते. मला इतकं हसू आलं!

देवळात दर्शन झालं आणि आम्ही गरम पाण्याच्या कुंडाशी गेलो. त्यांनी पँट वर दुमडली आणि पाय पाण्यात सोडले. पाय सुजले होते. घोट्याच्या वर दोन्ही पायांना गोल, लाल वळ होता, बुटाच्या कडेचा. मेहता जन्मभर चपला घालून टेबलामागे बसतो. मी त्या वळाकडे बघितलं. ते म्हणाले, "चप्पल चावली."

चप्पल घोट्याच्या वर कशी चावेल? पण मी म्हटलं, "घरी गेल्यावर खोबरेल लावू." येताना बसमध्ये ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. तोंड उघडं, मान लटलटत होती. मी सबंध रस्ता खांदा हलवला नाही.

असे सात रविवार गेले. मी मोजलेत. दोन वेळा लेकीकडे, एकदा नुसतं घरी, पत्ते खेळत. दर शनिवारी रात्री मी रवा-साखर काढून ठेवायचे आणि मनात म्हणायचे, उद्या विचारू. रविवारी उजाडलं की वाटायचं, हात दाखवून अवलक्षण कशाला? विचारलं तर रविवार जाईल. एवढं सरळ आहे ते. मी त्यांची काळजी म्हणून गप्प बसले असं नाही हो. मी माझ्या रविवारासाठी गप्प बसले, आणि तो माणूस आठवड्यातले सहा दिवस कुठेतरी बूट घालून उभा राहत होता.

कळलं ते शाळेत. माझ्या वर्गातल्या एका पोराची आई दाखला घ्यायला आली होती. मी विचारलं, पोरगं का काढताय? ती म्हणाली, "बाई, मेहताजींनी सांगितलं न्हाय का? आमची शेड दिवाळीलाच बंद झाली. लूम भंगारात गेले. हमारा आदमी गाव चला गया." मी दाखल्यावर सही केली. पेन दोनदा अडकलं. शाळेत हेडबाईंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, उन्हाचं.

चारच दिवसांनी धुवायच्या पँटच्या खिशात ओळखपत्र सापडलं, निळ्या नाडीचं. फोटोत ते होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर पट्टी असलेला निळा शर्ट. खाली कशेळीच्या एका गोदामाचा गेट नंबर. फोटो काढताना ते जसे नेहमी हनुवटी वर करतात तशी केलेली. चाळीस वर्षं ज्याच्या खुणेशिवाय तागा हलला नाही, तो माणूस गेटवर वॉचमन. मला रडू आलं, आणि राग आला. इतका राग आला की पँट तशीच भिंतीवर आपटली. सांगायचं नाही? मला? मी काय कट्ट्यावरची बाई आहे का, चार जणींत जाऊन बोलायला? मग पँट झटकून मी ते कार्ड जिथल्या तिथे ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझा बाप म्हणायचा. त्या मुठीत आता माझीही बोटं होती.

एका शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. पहाटे बाजारात जाऊन कोलंबी आणली, त्यांच्यासारखी करायचा प्रयत्न केला, भाकऱ्या थापल्या आणि डबा भरला. मला वाटलं होतं, आपणच गेलो, डबा पुढे केला, हसलो, की सगळं मिटलं. त्यांना सांगायला नको, मला विचारायला नको. नवरा-बायकोत एवढं चालतं. शेअर रिक्षात बसले. कशेळीपर्यंत दोन तास लागले, एकामागे एक कंटेनर उभे, धूळ नाकातोंडात. डब्यातल्या कालवणाचा वास रिक्षाभर सुटला होता. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, कुणासाठी एवढं?" मी म्हटलं, "मालकांसाठी." ती खळखळून हसली.

गेट मोठं होतं. आडवा दांडा, बाजूला पत्र्याची केबिन. केबिनच्या दारात एक पोट सुटलेला सुपरवायझर फोनवर बोलत होता. आणि हे दांड्याजवळ उभे होते. शर्ट एक माप मोठा. टेम्पोचा नंबर वहीत लिहीत होते, तेच ते मेहत्याचं अक्षर, प्रत्येक आकड्याला वेगळी जागा. टेम्पो आत गेला. त्यांनी मान वर केली आणि मला बघितलं.

मी हसले. खरंच हसले, ठरवल्याप्रमाणे. डबा थोडा वर धरला.

त्यांचा चेहरा मला आयुष्यभर विसरता यायचा नाही. आधी नुसतंच बघत राहिले. मग सुपरवायझर फोन बाजूला धरून म्हणाला, "कौन है, चाचा?" ह्यांनी टोपी सरळ केली. दोन पावलं पुढे आले आणि मोठ्यांदा, त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, तुम्हाला कोणाला भेटायचंय?"

तुम्हाला. एकतीस वर्षांत ह्या माणसाने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं, भांडणातसुद्धा नाही.

मला काय सुचावं? माझ्या तोंडून गेलं, "मेहताजींना."

 मागे एक कंटेनर येऊन हॉर्न वाजवत होता. मग माझ्या डब्याकडे बघत ते अगदी सावकाश म्हणाले, "आज शुक्रवार आहे, बाई. मेहताजी शुक्रवारी नसतात. शुक्रवारी ते घरी असतात."

"बरं," मी म्हटलं. "मग हा डबा ठेवता का?"

"बाहेरची वस्तू गेटवर ठेवता येत नाही."

त्यांनी दांडा वर केला, कंटेनर आत घेतला. मी बाजूला झाले नसते तर अंगावरच आला असता. मी रस्ता ओलांडला. दंड धरायला कुणी नव्हतं, आणि परतीची रिक्षा मिळायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी आले. मी तीच कोलंबी गरम करून वाढली. ते जेवले. मला वाटलं, आता बोलतील. शेवटच्या घासाला म्हणाले, "कोकम जास्त झालंय." मी म्हटलं, "हो, झालं थोडं." मी ताट उचललं तरी ते टेबलाकडेच बघत होते. ओरडायला हवं होतं मी. शिव्या द्यायला हव्या होत्या, त्यांना आणि मला. कळत होतं सगळं, पण तोंड उघडत नव्हतं.

शनिवारी रात्री मी रवा-साखर काढून ठेवली. रविवारी सहाला जाग आली तर बाथरूममध्ये पाण्याचा आवाज. ते अंघोळ करून, भांग पाडून बाहेर आले आणि म्हणाले, "डबा झाला का?"

मी म्हटलं, "अहो, आज रविवार."

"मग?" ते शर्टाची बटणं लावत म्हणाले. "रविवारी कधी लूम बंद असतात का?"

पुढच्या शुक्रवारी मी शाळेतून आले तर घरात निवट्यांच्या कालवणाचा वास. ताट वाढलेलं. त्यांनी तिथे सांगून सुट्टी बदलून घेतली होती. कुणाचे पाय धरले, कुणाला काय सांगितलं, देव जाणे. इकडे सगळं पूर्वीसारखं झालं. त्यांचा शुक्रवार त्यांना, माझा रविवार मला. मी गेटवर गेले नसते तर अजून माझे रविवार चालू असते, हेच रोज मनात येतं आणि लाजही वाटते.

मी येत्या मे महिन्यात रिटायर होतेय. शाळेत निरोपाची तयारी चाललीय, शाल कुठल्या रंगाची आणायची ते पोरी विचारतात. परवा मी ह्यांना म्हटलं, "आता थोडेच दिवस राहिले माझे. तुमचं काय?" ते म्हणाले, "ठरलंय ना आपलं. तू थांबलीस की मीपण थांबतो. शेठना सांगून ठेवलंय." मी म्हटलं, "बरं झालं." कुठला शेठ, कुठली शेड, आम्ही दोघंही बघितलं नाही एकमेकांकडे.

मग ते खुर्चीत बसले, मी चहा दिला आणि सवयीने मागे उभी राहिले. त्यांच्या कॉलरवर तूस होतं. कापसाचं, पांढरं, चांगलं भरपूर. दिवाळीपासून नव्हतं ते. आमच्या गल्लीच्या मागे एकच शेड अजून चालू आहे. कशेळीहून येताना ते तिथे किती वेळ उभे राहून आले होते, मी विचारलं नाही. ते चहा पीत होते. मी मागे उभी राहून एकेक तूस वेचत राहिले.